अमानत म्हणजे भेट

भैंशाहून निघालेली बस निर्मलला थांबली तेव्हा वहिनींनी मांडीवरची पिशवी उघडून दाखवली. आत एक जुनं, धुवट लुगडं होतं आणि त्याखाली सुताच्या दोरीचं भेंडोळं. हे कशाला, असं मी विचारलं. पाळणा टेम्पोत बांधावा लागेल, सागवानाला ओरखडे पडले की रंग जातो, असं त्या म्हणाल्या. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. आपण पाळणा बघायला चाललोय, आणायला नाही, हे वाक्य मला गावात म्हणता आलं नव्हतं. तिथंही आलं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी चड्डीचं बटण नसेल तर हातानं धरून शाळेत जायचो. ते बटण पुढं त्यांनी लावलं. भाऊ कापसाच्या दिवसांत ताप येऊन गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यांची एकुलती लेक, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा माहेरी आलेली होती. याआधी दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा टिकलं नव्हतं. या खेपेला सातवा लागला होता आणि घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वहिनींनी फक्त एक गोष्ट लावून धरली होती. बारसं आपल्याच पाळण्यात व्हायला पाहिजे.

पाळणा आमच्या घरातला. निर्मलकडच्या सुतारानं केलेला, चारी कोपऱ्यांवर लाखेच्या रंगाचे पोपट. त्यातले दोन पोपट चोच गेलेले, एक माझ्या भावानं दात येताना चावून काढलेली, असं आई सांगायची. मीही त्यातच वाढलो. पण पाळणा थोरल्या सुनेचा, अशी आमच्याकडची रीत. सासू तो सुनेच्या हवाली करते आणि मग त्यावर तिचाच शब्द चालतो. गावात कुणाचं बाळंतपण आलं की लोक वहिनींकडं मागायला यायचे. पाळणा देताना काही घ्यायचं नाही. परत येताना मात्र तो रिकामा यायचा नाही, त्यात ओंजळभर ज्वारी टाकून आणायची. आणि रिकामा पाळणा कधी हलवायचा नाही. पोरांनी हलवला तर आई पाठीत धपाटा घालायची. मी मास्तर झालो, शाळेत विज्ञानही शिकवलं, पण रिकाम्या पाळण्याला हात लावायचा धीर मला कधी झाला नाही.

तो पाळणा गावातून गेला आणि परत येणार नव्हता. का येणार नव्हता, हे मला एकट्याला माहीत होतं.

आदिलाबादला उतरून आम्ही रिक्षा केली. पाळणा ज्या संग्रहालयात होता ते पैनगंगेच्या बाजूला, सडकेपासून थोडं आत आहे. निजामाच्या काळात तिथं करोडगिरीचा नाका होता. नदीपलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर इथं जकात घेत. मग संस्थान विलीन झालं, नाक्यावर घेण्यासारखं काही उरलं नाही, आणि दगडी इमारत तशीच उभी राहिली. शेजारी कौलारू डाक बंगला आणि एका खोलीची जुनी शाळा. एवढंच ते. तिन्ही इमारतींना एकसारखा पिवळा रंग दिलेला आहे. शाळेच्या भिंतीवर कधीकाळी मराठी मुळाक्षरं होती, ती रंगाखालून अजून थोडी दिसतात. ज्ञ तर चांगला ठसठशीत आहे.

तिकीट नव्हतं. वही होती, तीत सही केली. तिथली बाई पन्नाशीच्या आसपासची, तेलुगू बोलणारी. पंखा चालत नव्हता म्हणून तिनं खुर्ची दारात ओढली होती. आम्हाला बघून ती उठली आणि दिवे लावत पुढं चालू लागली. तिच्या चालण्यावरून वाटलं की दिवसात दोन-चार माणसं आली तरी तिला पुष्कळ होतात.

पहिल्या खोलीत नकाशे. निजामाचा मुलूख, मग भाषेवर प्रांत झाले तेव्हाचा. त्या वेळी किनवट तिकडं महाराष्ट्रात गेलं आणि आमची गावं इकडं राहिली. मग तेलंगण. मग आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे, चार रंगांत. वहिनींनी विचारलं, यात आपलं गाव कोणतं. मी बोट ठेवलं. हिरव्यात काऊन, आपन तं आदिलाबादात होतो ना, असं त्या म्हणाल्या. आता निर्मल जिल्हा, मी म्हणालो. त्यांना ते ठाऊक होतं, रेशनकार्डावर बदलून आलं होतं. पण रंगात पाहिल्यावर वेगळं वाटलं असावं. आपन हाओ तथीच हाओ, रंग बदलून राह्यले, असं म्हणून त्या पुढं गेल्या.

आता ते सांगतो, जे मी टाळत आलो.

जिल्हा फुटायच्या आधीचे ते महिने होते. नोकरदार माणसं दुसरं काही बोलत नव्हती. कोण कुठल्या जिल्ह्यात पडणार, एवढंच. मी मराठी शाळेतला मास्तर. सीमेवरच्या गावांत मराठी शाळा आहेत, पण मला मंचेरियलकडं ढकललं असतं तर कोळशाच्या पट्ट्यात मी कुणाला मराठी शिकवणार होतो? माझी झोप गेली होती. त्याच दिवसांत एक अधिकारी गावोगाव फिरत होता. या संग्रहालयाचं काम त्याच्याकडं जादा म्हणून दिलेलं. माणूस वाईट नव्हता, उन्हानं करपलेला, घाईत असलेला. शिक्षण खात्यात त्याचा शब्द चालतो, असं कुणीतरी म्हणालं होतं. खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. आमच्या गावात तो आला तेव्हा दुभाष्या म्हणून मला बोलावलं.

त्यानं आमच्या ओसरीवर पाळणा पाहिला आणि तो हातातला चहाही प्यायचा विसरला. हा मिळेल का, त्यानं विचारलं. भाऊ जाऊन फार दिवस झाले नव्हते, लेकीचं लग्नही व्हायचं होतं. मग वहिनी मला म्हणाल्या, "आमानत म्हणून ठेवा म्हनावं. पोरीचं बाळंतपन आलं का मी घेऊन जाईन."

अमानत हा शब्द आमच्याकडं कचेरीतून घराघरात आलेला आहे. ठेवायला दिलेली वस्तू, मागताच परत मिळायची. यात्रेला जाताना शेजारणीकडं दागिने ठेवतात ते अमानत. तेलुगूतही तो शब्द आहे, तेलंगणात सगळ्यांना कळतो. त्यामुळं अधिकाऱ्याच्या कानानं तो बरोबर पकडला. "अमानत?" असं म्हणून त्यानं कपाळाला आठी घातली आणि माझ्याकडं पाहिलं. सरकारी संग्रहालय कुणाची अमानत ठेवून घेत नाही. तो उठणार होता. मला ते दिसलं.

मी तेलुगूत म्हणालो, साहेब, इकडच्या मराठीत अमानत म्हणजे भेट.

मी मराठीचा मास्तर. माझ्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ मी सांगितल्यावर त्यानं कशाला शंका घ्यावी. तो खूश झाला. "बहुमती" असं म्हणत त्यानं मान हलवली. तेलुगूत बहुमती म्हणजे भेट, बक्षीस. वहिनींना बहुमत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतून माहीत. जीप गेल्यावर त्यांनी विचारलं, बहुमती काय म्हणून राह्यले होते साहेब? मी सांगितलं, पुष्कळ लोक येऊन बघतील म्हणतात. त्याही खूश झाल्या. पाळण्यात त्यांनी ओंजळभर ज्वारी टाकून दिली होती. ती जीपमध्ये सांडली असणार.

माझी शाळा बदलली नाही. त्या अधिकाऱ्यामुळं की नुसत्या योगायोगानं, मला कधी कळलं नाही. विचारणार तरी कुणाला? तो बदलून गेला. पुढं पुतणीचं लग्न झालं, पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा वहिनींनी पाळणा आणा म्हणून माझ्यामागं लकडा लावला. मी जाऊन आल्याचं सांगितलं आणि म्हणालो, देत नाहीत, साहेबानं त्याच्या मनानं दान लिहून टाकलंय. तिथून वहिनींनी त्या माणसाला जे धरलं ते सोडलं नाही. विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या मांडवात. आमच्या गावात तेलुगू साहेबानं फसवल्याची ती गोष्ट सगळ्यांना पाठ झाली. बोटं मोडून मोडून त्या शिव्या द्यायच्या. मी शेजारी बसलेला असायचो. या खेपेला मात्र, मीच जाऊन मागते, असं म्हणून त्या निघाल्या.

तेव्हा मी खरंच आलो होतो इथं, एकटा. शाळेची सहल आली होती. मुली आळीपाळीनं पाळणा हलवत होत्या. पोपट खालीवर होत होते. मी तसाच परत गेलो. नंतर पुतणीचं ते झालं. मग दुसऱ्यांदा झालं. त्याचा याच्याशी संबंध नाही, हे मला कळतं. डॉक्टरनं कारणही सांगितलं होतं. पण हे स्वतःला समजावून सांगता सांगता मी थकून गेलो आहे.

पाळणा शाळेच्या खोलीत आहे. आढ्याला साखळ्यांनी टांगलेला, मधोमध. एका बाजूला चूल, पाटा-वरवंटा, सूप मांडून घरासारखं केलंय. वहिनी दारातच थांबल्या. मग आत जाऊन त्यांनी चोच गेलेला पोपट शोधला आणि त्यावर अंगठा फिरवला. हात लावू नये अशी पाटी होती. त्या बाईनं ती दाखवली नाही.

भिंतीवर तेलुगूत माहिती होती. वहिनींना तेलुगू बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. त्यांनी त्या बाईला हिंदीत विचारलं, इसमें क्या लिखा है? बाईनं चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. सागवानी पाळणा, अमुक गावच्या कुटुंबाकडून. मग ती एका ओळीवर आली आणि वाचून माझ्याकडं वळली. हे यांना तुम्हीच सांगा, मला मराठी येत नाही, असं तेलुगूत म्हणाली.

मी ती ओळ वाचली. मागच्या खेपेला मुलींच्या गर्दीत मी इथवर पोचलो नव्हतो. तिथं छापलं होतं की ही वस्तू अमानत म्हणून मिळाली, आणि कंसात, स्थानिक मराठीत अमानत म्हणजे भेट, गावच्या मराठी शिक्षकांनी दिलेल्या माहितीनुसार.

वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्या दिवशी ओसरीवर होतो तसाच मी पुन्हा दोन भाषांच्या मध्ये उभा होतो, आणि आताही काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. कदाचित मी दमलो होतो म्हणून असेल. धीर म्हणावा असं काही माझ्यात नव्हतं.

मी त्यांना ओळ जशीच्या तशी सांगितली. मग सांगितलं की हे साहेबाच्या मनचं नाही, मी सांगितलं होतं. तो अमानत म्हटल्यावर उठत होता. मला बदलीची भीती होती. देत नाहीत असं तुम्हाला सांगितलं तेव्हा मी कुणाला विचारलंही नव्हतं. आणि इथं पोरं हा रिकामा हलवतात, तेही मी पाहिलंय.

एवढं बोलायला फार वेळ लागला नाही. मी या बोलण्याच्या कितीतरी तयाऱ्या केल्या होत्या, त्या सगळ्या लांबलचक होत्या.

वहिनी खाली बसल्या, चुलीजवळ, प्रदर्शनातच. वहिनी रडतील, मला हाकलतील, असं मला वाटत होतं. त्यांनी बराच वेळ हातातल्या पिशवीचे बंद सारखे केले.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं मी त्या मानसाले बोटं मोडले. त्याले लेकरं होते का हो?"

मला माहीत नव्हतं. असतील, मी म्हणालो.

"मंग ते बोटं त्याहीले लागले असन."

मी केलेल्या गोष्टीचा हिशेब माझ्यापुरता मांडत आलो होतो, त्यात वहिनी होत्या, पुतणी होती, मी होतो. तो करपलेला, घाईतला माणूस आणि त्याची पोरं त्यात कधी आलीच नव्हती.

बाईनं विचारलं, काय झालं. मी तिलाही सांगितलं, तेलुगूत, सगळं. दुसऱ्यांदा सांगायला सोपं गेलं. पाळणा मिळू शकेल का, हेही विचारलं. तिनं खांदे उडवले नाहीत, एवढंच तिचं भलेपण. म्हणाली, अर्ज करा, पण करणार कुणाकडं? तुमचं गाव आता दुसऱ्या जिल्ह्यात. त्या जिल्ह्याला या वस्तूशी देणंघेणं नाही, आणि आमचा जिल्हा म्हणणार की तुम्ही आमचे नाही. नकाशातला हिरवा आणि दुसरा रंग यांच्यामध्ये पाळणा अडकला होता. ती म्हणाली, त्या ओळीवर निदान पट्टी तरी चिकटवता येईल, तुम्ही लिहून द्या, मी वर विचारते. मी लिहून दिलं. तेही मास्तरच्याच शब्दावर.

तोवर वहिनी उठल्या होत्या. त्यांनी पिशवीतलं लुगडं काढलं, दातानं काठ तोडून त्याचा एक मोठा तुकडा फाडला. मग पाट्यावरचा वरवंटा उचलला. बाईच्या तोंडून अय्यो निघालं. वहिनींनी वरवंटा त्या तुकड्यात गुंडाळला, डोक्याकडून टोपडं घालावं तशी घडी घातली आणि तो पाळण्यात निजवला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटाच निजवतात. उरलेलं लुगडं त्यांनी त्याच्या अंगावर पांघरलं.

हे काय, बाईनं मला विचारलं. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, मी सांगितलं. ती म्हणाली, आमच्यातही नसतो. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी ती हातानं धरून तो स्थिर करून जाते, दिवसा मात्र किती जणांना आवरणार. वरवंटा पाट्यावर नाही, तर कुणी तपासायला आलं की काय सांगायचं, याचा तिनं जरा विचार केला. मग राहू दे म्हणाली. सुताची दोरी वहिनींनी तिला देऊन टाकली. दोघींनी मिळून पाळणा खिडकीच्या गजाला बांधला, हलू नये असा.

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीशी बसल्या. ऊस भरलेल्या ट्रॉलीमागं बस अडकली होती आणि लोक पेंगत होते. मधेच त्यांनी दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर ठेवून कडाकडा मोडली, एखाद्या लेकरावरून दृष्ट उतरवतात तशी. ओठ हलत होते. कुणासाठी ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "नाव तं ठाऊक नाई. साह्याबाच्या लेकरायसाठी म्हनलं."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाई मोडले."

मी हो म्हणालो.

पुतणीला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, बारीक, पण ओरडायला दणकट. बारसं झोळीत झालं, आढ्याला लुगडं बांधून, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया शेतात बांधतात तशी. मी दोन्ही जिल्ह्यांना अर्ज केले होते. एकाचं उत्तर आलं की प्रकरण दुसऱ्याकडं वर्ग केलं आहे. त्या ओळीवर पट्टी लागली की नाही, ते बघायला मी अजून गेलेलो नाही.

बारशाला अख्खी आळी जमली होती. मी घुगऱ्या वाटत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी झोळीकडं बघून सवयीनं सुरू केलं, त्या साह्याबाचं वाटोळं होवो, एवढा पोपटाचा पाळणा खाल्ला मेल्यानं. दोघीतिघींनी माना डोलावल्या. वहिनी झोळीची दोरी धरून बसल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"त्याले नका बोलू काकू," त्या म्हणाल्या. "त्यानं नाई नेला. पाळना आमच्या भाऊजींनी देल्ला."

झोळीतली पोर चुळबुळत होती, तिला वहिनींनी झोका दिला. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या आणि माझ्या हातात घुगऱ्यांचं ताट होतं. मी मान हलवून हो म्हणालो. मग काकूंच्या पुढ्यात वाकलो. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग ओंजळ पुढं केली. मी घुगऱ्या घातल्या आणि पुढच्या बाईकडं गेलो.